न वाकता

खुशबू आपल्या लग्नाची पत्रिका घेऊन दारात आली आणि मी वाकलो. एवढंच झालं. भाची दारात दिसली की मामानं वाकायचं, तिच्या पायाला हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावायचा, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शिंक येते तसं होतं ते. खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन मी उठलो, वॉकर बाजूलाच राहिला, कंबर पुढे गेली, हात खाली सुटला, आणि उजव्या जांघेत खूप आत, जिथं आता माझं हाड नाही, नागपूरच्या डॉक्टरनं बसवलेला गोळा आहे, तिथं एक ओढ बसली. “मामा, नोका!” खुशबू ओरडली आणि उडी मारून मागे सरली. पत्रिकांची थैली उंबऱ्यावर पडली. स्वयंपाकघरातून कुंता ओल्या हातानं धावत आली. “माय वं! वाकले का जी तुमी? वाकलेच ना?” मी आपला अर्धवट वाकलेला, तसाच उभा. वर यायची हिंमत होत नव्हती, खाली जायची परवानगी नव्हती. कानात माझाच श्वास वाजत होता. मी वाट पाहत होतो, आता खट्ट होईल, आता होईल. झालं नाही. कुंतानं पाठीला हात दिला, मी हळूहळू वर आलो, आणि वर येऊन पाहतो तर खुशबू सोफ्यावर बसलेली, पाय वर घेऊन, ओढणीखाली झाकून. माझी भाची माझ्यापासून पाय लपवून बसली होती. असा राग आला मला! कुणावर ते नाही सांगता येत.

खट्ट हा आवाज मी ऐकलेला नाही, पण मला तो ठाऊक आहे. दवाखान्यात माझ्या बाजूच्या खाटेवर एकोडीचा इश्वर होता. त्याचं ऑपरेशन माझ्या आधी झालेलं, घरी गेला होता, आणि परत आला होता. कशानं, तर खाटेखाली गेलेलं बिडीचं बंडल काढायला वाकला. “खट्ट झालं जी कंडक्टर साहेब,” तो छताकडे बघत सांगायचा, “आन पाय माझा राहिलाच नाही. दुसऱ्याचाच पाय आणून ठेवला असं वाटे.” गोळा वाटीतून निसटला होता. भूल देऊन परत बसवला. बिडी मात्र सुटली नाही त्याची, बोलताना बोटं तशीच धरायचा. मग राउंडला डॉक्टर यायचे आणि त्याच्याकडे बोट दाखवून मला सांगायचे, बघा, हे तुमच्यासमोर उदाहरण आहे. कंबर आणि मांडी, यांच्यात काटकोन. त्याच्या आत यायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. पायाचा पंजा आत वळवायचा नाही. खाली बसायचं नाही, उकिडवं तर नाहीच नाही. झोपताना दोन पायांच्या मधात उशी. तीन महिने हे पाळा, मग फोटो काढून बघू. मी हो हो म्हटलं. तिथं कोणीही हो म्हणतो. नागपूरच्या डॉक्टरला कसं सांगणार, की आमचं सगळं जगणंच काटकोनाच्या आतलं आहे. जेवण खाली, पूजा खाली, गप्पा खाली, परसाकडे जाणं तर विचारूच नका.

मग घर वर यायला लागलं. मनिषनं, माझ्या पोरानं, खाटेखाली विटा लावल्या. संडासात कमोडवर आणखी एक उंच बैठक बसवली, त्यावर बसलं की राजाच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं आणि होत काही नाही. खुर्चीवर दोन गाद्या. आंघोळीची बादली स्टुलावर. खाली पडलेलं उचलायला एक लांब चिमटा त्यानं मागवला, त्यानं मी वर्तमानपत्र उचलायचो आणि कुंताचा पदर ओढायचो. ती चिडायची. पहिल्यांदा मधात उशी ठेवून झोपलो तेव्हा म्हणाली, “इतक्या वर्सात आपल्या दोघांच्या मधात उशी आली नाही, आन आता तुमच्या एकट्याच्याच मधात आली बाप्पा.” हसलो, तर टाके दुखले. असं एकेक करून सारं घर वर उचललं गेलं. जमीन तेवढी खाली राहिली. एकदा चष्मा पडला. चिमटा बाहेरच्या खोलीत, कुंता बाजारात. चष्मा फरशीवर आणि मी त्याच्या वर, हात लांब करूनही न पोचणारा. किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. तिथून माझा अंगठाही दिसत होता, नख वाढलेलं, काळं पडलेलं. माझाच पाय, आणि मी त्याला हात लावू शकत नव्हतो. रविवारी कुंता नेलकटर घेऊन खाली बसली आणि तिनं माझी नखं कापली. मान खाली घालून, एकेक बोट धरून. नवऱ्याच्या पायाला हात लावण्यात तिला काही नवीन नव्हतं, पण मला ते सोसवेना. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, “गप बसा जी. हालसान त मांस कापीन.” डोळ्यांत पाणी आलं, ते मी पंख्याच्या वाऱ्यावर ढकललं.

मी एसटीत कंडक्टर होतो. जन्मभर उभा राहिलेला माणूस. ड्रायव्हरची खुर्ची असते, पॅसेंजरची सीट असते, कंडक्टरचे पाय असतात. साकोली-सानगडीच्या रस्त्यावर, जेव्हा रस्ता कमी आणि खड्डे जास्त होते, तेव्हा दांडा न धरता तिकीट फाडायचो मी. पाय फाकवून रोवायचे, पंजे सरळ समोर, गुडघा थोडा सैल, आणि मग गाडी नाचू दे की उडू दे. “पुढे सरका, पुढे सरका,” एवढं म्हणायचं आणि आपण झाडासारखं जागच्या जागी. त्यातच खुबा गेला म्हणतात डॉक्टर. असेल. त्याच गाडीत खुशबू चढायची, साकोलीच्या शाळेत जायला. निळा स्कर्ट, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. ती पायरी चढून वर आली की मी आधी तिच्या पाया पडायचो, मग तिकिटाला हात लावायचो. खाकी कपड्यातला एवढा बाप्या माणूस, आणि चौथीतल्या पोरीच्या पाया! सानगडीचे लोक बघतही नसत, त्यांच्याकडेही तेच. पण एकदा कुणी बाहेरगावचे साहेब होते, ते हसले. म्हणाले, मास्तर, उलटं झालं की हो. मी म्हटलं, साहेब, बहिणीची लेक आहे, भाची म्हणजे देव असते आमच्याकडे. ते म्हणाले, मग देवाला हाफ तिकीट कशाला? सगळी गाडी हसली, मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकलो. दहावीत गेल्यावर मात्र तिला लाज वाटायला लागली. “मामा, बसमधी नोका ना पडू पाया. पोरं चिडवतात मले.” मी म्हटलं, हाव. आणि तिकीट देताना मुद्दाम सुटे पैसे खाली पाडायचो. उचलायला वाकलं की बोटं तिच्या बुटाला लागायची. तिला कळत होतं. खिडकीबाहेर बघून हसायची.

खाली पडलेला पैसा, खाली पडलेलं तिकीट, खाली असलेले पाय. एवढ्या वेळा वाकलो मी आयुष्यात, कधी ध्यानात आलं नाही की हे वाकणं आहे.

निर्मलाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, खुशबूच्या आईचा, फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आचारी कोण, बँड कुठला, नवरदेव भुपेंद्र कसा गुणाचा, आणि मग आवाज उतरवून म्हणाली, “भाऊ, तू समोर खुर्चीवर बसजो. अक्षता टाकजो. पाय मनिष धुवन.” माझ्या हातातला फोन गरम झाला. “काहून? मी मेलो का?” मी ओरडलो. कुंतानं फोन काढून घेतला आणि मला म्हणाली, “मेले नाही म्हणूनच म्हणून राहिली ना ती!” दोघी बहुतेक आधीच ठरवून बसल्या होत्या. बायकांचं असंच असतं, निकाल लागला की खटला ऐकवतात. पण मला जे सांगायचं होतं ते फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. लग्न लागल्यावर आमच्याकडे परात मांडतात आणि नवरा-नवरीचे पाय धुतात, पहिला मान मामाचा. आईबाप कन्यादान करतात, ते पोरीला देऊन टाकणं असतं. मामा पाय धुतो, ते पाणी डोळ्याला लावतो, ते मागणं असतं. बाई, चाललीस, माया राहू दे आमच्यावर. हे मनिषनं माझ्या वतीनं मागायचं? मागणं असं दुसऱ्याच्या हातून मागता येतं का? खुशबू जन्मली त्या दिवशी ड्युटी सोडून मी तसाच खाकी कपड्यात साकोलीच्या दवाखान्यात गेलो होतो. फडक्यातून दोन पाय बाहेर, माझ्या अंगठ्याएवढे, लालबुंद, हवेत सायकल चालवल्यासारखे हलणारे. मी वाकून त्यांना कपाळ लावलं तर तिनं नाकावर लाथ मारली. नर्स म्हणाली, आशीर्वाद भेटला. त्या दिवसापासून कुणी माझ्याऐवजी वाकलं नव्हतं.

फिजिओथेरपीच्या मॅडम घरी यायच्या, पश्चिमेकडच्या होत्या, कोल्हापूरच्या. त्यांना विचारून बघितलं. एकदाच वाकलं तर? एका गुडघ्यावर टेकलं तर? पालथा झोपून, लोटांगण घालून? त्या प्रत्येक वेळी मान हलवायच्या. “काका, मुळात हे उलटं आहे. तिनं तुमच्या पाया पडायचं.” मी म्हटलं, मॅडम, आता नवीन सांध्यासाठी मी नवीन नाती कुठून आणू? हसल्या बिचाऱ्या, पण परवानगी दिली नाही. म्हणाल्या, उभं राहायला तुम्ही एक नंबर आहात काका, असा सरळ पेशंट मी पाहिला नाही, त्यातच समाधान माना. कसलं समाधान! विजेचा खांबही सरळच उभा राहतो. वॉकर सुटला, काठी आली, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायला लागलो, लोक म्हणायचे वा, आणि माझ्या मनात एकच. दुपारी पंख्याखाली पडलो की डोळ्यांसमोर परात यायची, त्यात पाय, आणि त्या पायांच्या आणि माझ्या हातांच्या मधात पडलेलं अंतर. कधी वाटायचं, जाऊ दे, खट्ट तर खट्ट. इश्वर नाही का वाचला. मग जांघेत ती ओढ आठवायची आणि अंगाला घाम फुटायचा. मी भ्यायलो होतो. पन्नास माणसं भरलेली गाडी घाटात मागे सरकायला लागली तेव्हा भ्यायलो नव्हतो, आणि आता वीतभर जमिनीला भीत होतो.

लग्नाच्या दिवशी मनिषनं गाडीची पुढची सीट मागे सरकवली, दोन उशा टाकल्या, आणि मला त्यात तिरपा ठेवला. लाखनी गेली, साकोली गेली. सानगडीकडे वळल्यावर रस्ता ओळखीचा वाटेना, खड्डेच नव्हते. उन्हानं धानाची बांधी भेगाळलेली होती आणि तलाव तेवढा एका कडेला चमकत होता. मंडप तलावाच्या पाळीखालच्या उतारावर टाकलेला. उतरल्याबरोबर माणसं गोळा झाली. “कंडक्टर साहेब! नवा पाय बसवला म्हणते जी?” “पाय नाही, खुबा.” “आता काय मग, पळतच असान!” जागेश्वर नावाचा म्हातारा, माझ्या गाडीनं रोज साकोलीच्या बाजारात दही न्यायचा, त्यानं माझी काठी धरून कौतुकानं वरखाली बघितली. मला बरं वाटत होतं आणि वाटतही नव्हतं. निर्मलानं येऊन हात धरला आणि थेट पुढच्या रांगेत नेऊन बसवलं, स्टेजच्या उजव्या टोकाला, दोन गाद्यांच्या खुर्चीवर. “इथून मस्त दिसते भाऊ. हालू नोको.” मंगलाष्टकं झाली. अक्षता टाकल्या. माझ्या काही खुशबूपर्यंत पोचल्या नाहीत, समोरच्या फोटोवाल्याच्या डोक्यात पडल्या. मग स्टेजच्या मधोमध पाट मांडला गेला, निर्मलाची पितळेची परात आली, तांब्या आला. मनिषनं पँटच्या मोहऱ्या वर केल्या आणि परातीसमोर बसला. किती सहज बसला! गुडघे दुमडले आणि झालं. पोटच्या पोराचा हेवा वाटला मला, खोटं कशाला सांगू.

मी नजर वळवली. बघवत नव्हतं म्हणून सरळ समोर बघितलं, आणि समोर पाय होते. स्टेजवर उभ्या असलेल्या बायकांचे पाय, पैंजण घातलेले, भेगा पडलेले, एकीच्या अंगठ्याला चिकटपट्टी. अगदी माझ्या डोळ्यांच्या रेषेत. मी बघतच राहिलो. उतारामुळे स्टेज त्या टोकाला कंबरेएवढं होतं, आणि इकडं, माझ्या टोकाला, जमीन खाली गेलेली, म्हणून बांबू लांब लावून ते उचललेलं होतं. मी काठीवर जोर देऊन उभा राहिलो. स्टेजचा काठ माझ्या छातीला लागला. हात पुढे केला. फळीवर टेकला. कंबर सरळ. मांडी सरळ. काटकोन कुठच्या कुठं! छातीत असं धडधडायला लागलं की जणू डबल घंटी वाजली. घरानं खाट वर घेतली, बादली वर घेतली, थाळी वर घेतली, आणि इथं सानगडीच्या उतारानं माझ्यासाठी अख्खी नवरी वर उचलून धरली होती, आणि मी वेडा खुर्चीवर बसून रडत होतो.

“थांबा!” मी ओरडलो. तो आवाज माझ्या घशात अजून होता हे मलाच ठाऊक नव्हतं, मागच्या सीटपर्यंत पोचणारा. बँडवाल्याचा हात वरच राहिला. “मनिष, ऊठ तिथून. परात इकडे आण. भाचीबाई, पुढे सरका. पुढे सरका, पुढे सरका!” मागून कुणीतरी खो खो हसलं, आणि हसणं पसरत गेलं, कारण त्या मंडपातला एकही माणूस असा नव्हता ज्याला मी कधी पुढे सरकवलं नव्हतं. “काठावर कुठं जी,” भटजी म्हणाले, “पाट तिकडं मांडला ना.” “पाट उचलता येते महाराज, मले नाही वाकता येत.” “काका, फोकसमधी नाही तुमी,” फोटोवाला. “मग तू सरक!” निर्मला रडकुंडीला आली. “भाऊ, पडन ना पोरगी माई!” पण खुशबूनं शालू दोन्ही हातांनी वर धरला होता आणि ती यायला निघाली होती. एकेक पाऊल टाकत, पायात मेंदी, बोटांत नवी जोडवी, फळ्या करकरत होत्या. भुपेंद्र तिचा दंड धरून मागे चालत होता. तेव्हाच मला तो पोरगा आवडला. मनिषनं परात काठावर ठेवली. खुशबू तीत उभी राहिली. तिनं पाय लपवले नाहीत.

मी काठी कुंताकडे दिली. “सोडू नोका जी,” ती म्हणाली. “धर म्हटलं ना.” पाय फाकवून रोवले. पंजे सरळ समोर. गुडघा थोडा सैल. किती तरी दिवसांनी मी कशालाही न धरता उभा होतो आणि पडत नव्हतो. तांब्यातलं पाणी एका पायावर सोडलं, मग दुसऱ्यावर. हातानं टाचा धुतल्या, बोटांच्या मधात धुतलं, घाई केली नाही. कोण आता मला घाई करणार होतं! डाव्या घोट्याजवळ ती जुनी खूण होती, माझ्याच गाडीच्या पायरीवर घसरली होती तेव्हाची. हळद लावली, तांदूळ लावले. मग हात जोडून नुसती मान पुढे केली, फक्त मान, आणि कपाळ तिच्या पावलांवर टेकलं. थंड, ओले, हळदीचा वास येणारे पाय. वरून तिचा आवाज आला, रडता रडता, “मामा, वाकू नोका ना.” मी तसाच टेकलेला, म्हटलं, “वाकलो कुठं व? पाहून घे. उभा आहो मी.” माया राहू दे आमच्यावर, हे मी मनात म्हटलं की मोठ्यानं, आठवत नाही. कुंता ऐकल्यासारखी रडत होती, म्हणजे मोठ्यानंच म्हटलं असणार.

मी मान वर केली तेव्हा परात काठावर जरा कलंडली आणि पाणी सांडलं. फळीवरून धार खाली आली, हळदीची, पिवळी, तांदळाचे दाणे घेऊन, आणि माझ्या दोन्ही पायांवर पडली. नव्या खुब्याच्या पायावर आणि जुन्या खुब्याच्या पायावर. मनिष परात सावरायला धावला, मी त्याला हातानंच थांबवलं. पडू दे. बोटांच्या मधात पाणी गेलं, कुंतानं कापलेल्या नखांवर गेलं. ज्या पायांपर्यंत मी पोचू शकत नव्हतो तिथपर्यंत ते पोचलं, आणि इतका आनंद झाला मला की तो कुठं ठेवावा कळेना. बँडवाला अजून हात वर धरून माझ्याकडेच बघत होता, भटजी बघत होते, खुशबू डोळे पुसत वरून बघत होती. अख्खी गाडी कंडक्टरसाठी थांबली होती. मी ओले पाय जमिनीवर घट्ट रोवले, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, “चला, जाऊ द्या!”